एबीएस आणि ईएससीचे दिवे: सेन्सर नवा घातला, तरी विझत नाहीत

फिरते_चाक

मंडळी, डोकं पिकलंय म्हणून धागा काढतोय. जरा लांबेल, पण अर्धवट माहिती देऊन निदान मागण्यात अर्थ नाही.

गाडी सात वर्षांची हॅचबॅक, पुढची चाकं ओढणारी. कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही, नाहीतर दहाव्या प्रतिसादापर्यंत "ही घ्यायलाच नको होती" सुरू होईल.

सुरुवात दिव्यांपासून झालीच नाही. साधारण दीड महिन्यापूर्वी, सिग्नलला गाडी अगदी थांबत आलेली असताना ब्रेकचं पॅडल पायाखाली गुरगुरायला लागलं. रस्ता कोरडा, ब्रेक हलकाच दाबलेला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज, पॅडल तळपायाला टकटक मारतं आणि गाडी थांबायची तिथे न थांबता हात-दीड हात पुढे सरकते. एकदा पुढच्या गाडीला टेकता टेकता राहिली.

मग दोन आठवड्यांनी दिवे. चावी फिरवली की सगळे पेटतात, तीनेक सेकंदांत नीट विझतात. गाडी निघते. काटा वीस-पंचविसावर गेला की एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि घसरत्या गाडीचं चित्र असलेला ईएससीचा (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), असे दोन्ही पिवळे दिवे एकदम लागतात. गाडी बंद करेपर्यंत हलत नाहीत. बंद करून परत चालू केली की पुन्हा तोच खेळ.

आणि एक गंमत. दिवे लागले की गुरगुर गायब! ब्रेक अगदी शहाण्यासारखा लागतो.

माझ्याकडे मोबाईलला जोडायचा ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर आहे. तो म्हणतो, एकही दोष नाही. गॅरेजवाल्याने त्याच्या मोठ्या स्कॅनरवर "पुढचं डावं चाक, वेग सेन्सर" असं दाखवलं आणि सेन्सर बदलला. दोन दिवस आनंदात गेले (गाडी घरीच उभी होती!). तिसऱ्या दिवशी पुन्हा दिवे, पुन्हा तोच कोड. आता तो म्हणतोय एबीएसचं मॉड्यूल (म्हणजे त्याचा कंट्रोल डबा) गेलंय, अख्खं बदलावं लागेल.

मॉड्यूलवर पैसे ओतण्याआधी अजून काय बघावं?

निवांत_प्रवासी

माझाही एबीएसचा दिवा चार महिने पेटलेला आहे. ब्रेक लागतो, म्हणून दुर्लक्ष केलंय. असं चालवणं कितपत बरोबर? धागा वाचतोय.

खडखड

फ्यूज काढून टाका, सुटाल. आमच्या पहिल्या गाडीत यातलं काहीच नव्हतं, तरी इतकी वर्षं धडधाकट आहोत. कंपन्यांनी भानगडी वाढवून ठेवल्यात.

पाना_बारा

खडखडराव, फ्यूज काढला की एबीएसबरोबर ईबीडीही (ब्रेकचा जोर चाकांत वाटणारी यंत्रणा) जातं, हे कोणी सांगितलंय का तुम्हाला? पुढच्या-मागच्या चाकांतलं ब्रेकचं वाटप आता त्याच डब्यातून होतं. जुन्या गाड्यांत त्यासाठी वेगळा यांत्रिक व्हॉल्व्ह असायचा, बहुतेक नव्या गाड्यांत तो काढून टाकलाय. म्हणजे फ्यूज काढलेली तुमची गाडी "पहिल्या गाडी"सारखी होत नाही, तिच्याहून वाईट होते. जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी गिरकी घेते.

निवांत, तुम्हालाही तेच. नुसता पिवळा एबीएस दिवा असेल तर साधा ब्रेक शाबूत आहे, गाडी गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. ओल्या रस्त्यावर अंतर ठेवा, पॅडलवर उभे राहू नका, चाकं अडकतील. पण पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर एक तर ईबीडी बंद पडलंय नाहीतर ब्रेक ऑइल कमी झालंय. तशी गाडी रस्त्यावर काढू नका. चार महिने मात्र जास्तच झाले.

धागाकर्ते, तुम्हाला एकच प्रश्न. गुरगुर सुरू होण्याच्या आधी दोन-तीन महिन्यांत गाडीला कोणाचा हात लागला होता? टायर, ब्रेक पॅड, बेअरिंग, अलाइनमेंट, काहीही असो. आठवून सांगा.

तारायंत्र

पाना काका बरोबर ठिकाणी बोट ठेवतायत. तोवर मी थोडी पार्श्वभूमी लिहितो, पुढचं समजायला सोपं जाईल.

आधी तुमचा ब्लूटूथ स्कॅनर. तो खोटं बोलत नाही, त्याला कुणी विचारलेलंच नसतं. असले स्वस्त स्कॅनर इंजिनाचे कोड वाचतात, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे. ब्रेक आणि स्टिअरिंगचे कोड 'सी'ने सुरू होतात आणि ते वेगळ्या मॉड्यूलमध्ये बसलेले असतात. तिथपर्यंत जायला त्या कंपनीची भाषा येणारं उपकरण किंवा ॲप लागतं. "एकही दोष नाही" म्हणजे "इंजिनात दोष नाही", एवढाच अर्थ घ्या.

तुमचा कोड बहुधा सी ००३५ असेल किंवा त्या कंपनीचा त्याच अर्थाचा दुसरा क्रमांक. सर्वसाधारण यादीत सी ००३५ पुढचं डावं, सी ००४० पुढचं उजवं, सी ००४५ मागचं डावं, सी ००५० मागचं उजवं. आणि इथेच सगळे घसरतात. कोड म्हणतो "डाव्या पुढच्या चाकाच्या वेगाची खबर मला नीट मिळत नाही". सेन्सर मेलाय असं तो म्हणतच नाही. त्या खबरीच्या वाटेवर चाकाच्या बेअरिंगमधली चुंबकी रिंग आहे, रिंग आणि सेन्सरमधली फट आहे, सेन्सर आहे, चाकासोबत वळणारी वायर आहे, कपलर (वायरचा जोड) आहे आणि शेवटी मॉड्यूलची पिन आहे. यातलं काहीही बिघडलं तरी कोड तोच येतो.

सेन्सर दोन जातींचे. जुने निष्क्रिय: आत गुंडाळी आणि चुंबक, समोर दातेरी लोखंडी रिंग. चाक फिरलं की स्वतःच थोडी एसी वीज तयार करतात आणि वेग वाढला की ती वाढते. यांचा रोध मीटरवर मोजता येतो, साधारण हजार-दीड हजार ओहम मिळतात. नवे सक्रिय: आत चिप असते, तिला मॉड्यूलकडून वीज मिळते आणि ती चालू-बंद करून नाही, तर प्रवाह कमी-जास्त करून सांगते: ७ मिलिॲम्पिअर, १४ मिलिॲम्पिअर, ७, १४. समोर दातेरी रिंगही चालते, पण बहुतेक गाड्यांत बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाचे उत्तर-दक्षिण ध्रुव आलटून पालटून बसवलेली काळी रिंग असते. सक्रिय सेन्सरवर ओहममीटर लावू नका. आकडा निरर्थक येतो आणि चांगला सेन्सर "मेला" म्हणून फेकला जातो.

सात वर्षांची गाडी म्हणजे तुमचे सेन्सर सक्रिय असणार, जवळपास नक्की.

आता तुमच्या लक्षणांतली सर्वात मोलाची गोष्ट. दिवे चावी फिरवल्यावर विझतात आणि गाडी चालू लागल्यावरच लागतात. वायर तुटली असती किंवा सेन्सरची चिप जळाली असती, तर मॉड्यूलला ते गाडी उभी असतानाच कळलं असतं, कारण प्रवाहच मिळाला नसता. दिवा विझलाच नसता. तुमच्याकडे वीज पोचतेय, चिप जिवंत आहे, पण चाक फिरताना येणारी खबर बाकीच्या तिघांशी जुळत नाहीये. त्यामुळे सेन्सर बदलणं हा पहिल्याच दिवशी सर्वात कमी शक्यतेचा उपाय होता.

दिवे लागल्यावर गुरगुर का थांबते? कारण दिवा म्हणजे "मी एबीएस बंद केलंय" अशी पाटी. त्याआधी एबीएस नको तिथे काम करत होतं. चाक एकाएकी थांबल्याची खोटी खबर आली, त्याला वाटलं चाक अडकलं, म्हणून त्याने ब्रेकचा दाब सोडला. तुमची गाडी हातभर पुढे जाते ती त्यामुळे. एकट्या सेन्सरसाठी दोन्ही दिवे का, असं विचाराल, तर उत्तर साधं आहे. १९७८ मध्ये बॉशचं एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं तेव्हा त्याला चाकांच्या वेगाखेरीज फारसं काही लागत नव्हतं. १९९५ मध्ये ईएसपी (ईएससीचंच बॉशचं नाव) आलं ते याच पायावर, वर स्टिअरिंगचा कोन आणि गाडीची गिरकी मोजणारे सेन्सर चढवून. पाया हलला की वरचा मजलाही बंद होतो.

फिरते_चाक

बापरे! तारायंत्र, गॅरेजमध्ये कोणी एवढं सांगितलं असतं तर...

पाना काका, हो. गुरगुरीच्या आधी साधारण तीन आठवडे पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं होतं. घोंघावत होतं म्हणून. नंतर अलाइनमेंटही केली. पण ते दुसऱ्या गॅरेजात, आणि आवाज पूर्ण गेला, त्यामुळे याच्याशी संबंध जोडलाच नाही. कोड सी ००३५ च आहे, पुढे "सिग्नल अनियमित" असं काहीतरी होतं.

पाना_बारा

मिळाला चोर. निदान चोराचं गाव तरी.

त्या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये ती चुंबकी रिंग असते. दिसायला दोन्ही बाजू सारख्याच काळ्या. उलटं बसवलं की रिंग बाहेरच्या बाजूला जाते आणि सेन्सरला काहीच दिसत नाही, वेग कायम शून्य. तुमचं तसं नाही, तसं असतं तर गुरगुरीऐवजी पहिल्याच दिवशी दिवा लागला असता. तुमच्यात रिंग योग्य बाजूला आहे, पण दुखावलीय. प्रेसमध्ये बसवताना रिंगेच्या बाजूने दाबलं असेल, नाहीतर हातोडीने ठोकलं असेल. किंवा बेअरिंग लोखंडी कीस पडलेल्या टेबलावर ठेवलं असेल. चुंबकच तो, सगळा कीस ओढून घेतो.

हा माझा अंदाज आहे. अंदाजावर पुन्हा बेअरिंग बदलायला सांगणार नाही, नाहीतर त्या सेन्सरवाल्यात आणि माझ्यात फरक काय? आधी चारही चाकांचा लाइव्ह डेटा बघा.

तारायंत्र

+१. लाइव्ह डेटा कसा बघायचा ते लिहितो, कारण इथे घाई केली की काहीच हाती लागत नाही.

एबीएस वाचणारा स्कॅनर घ्या, चारही चाकांचे वेग एका आलेखावर लावा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. मोकळं मैदान शोधा. गाडी एकाने चालवायची, स्क्रीन दुसऱ्याने बघायची. वेग फार नको. स्कॅनर सेकंदाला मोजकेच आकडे घेतो, त्यामुळे चाळीसच्या वेगाला खबरीतला छोटा खंड त्याच्या नजरेतून निसटतो. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून, ॲक्सिलरेटरला हात न लावता, सहा-सात किमीच्या वेगाने सरळ जाऊ द्या. मग डावीकडे पूर्ण वळवून एक वर्तुळ, उजवीकडे एक. वळताना बाहेरची चाकं जास्त वेग दाखवणारच, त्याला घाबरू नका. फक्त वळतानाच आकडा तुटत असेल तर वायर बघा. चाकामागे ती सतत मुडपते आणि वरचं आवरण अखंड दिसत असताना आतली तांब्याची तार तुटलेली असू शकते.

सरळ जातानाही तुटत असेल, तर किती वेळाने तुटतो ते मोजा. टायरचा आकारही सांगा.

तिसरा_गिअर

मध्येच घुसते, माफ करा. माझ्या गाडीला ईएससीचा दिवा आणि इंजिनाचा दिवा एकत्र लागतात, एबीएसचा लागत नाही. गॅरेजवाले याच वाटेने सेन्सर-सेन्सर करतायत. माझाही दोष चाकातच असेल का?

पाना_बारा

नाही ताई, तुमची गोष्ट वेगळी. चाकाची खबर बिघडली असती तर एबीएसचा दिवा आधी लागला असता. ईएससी गाडी सावरताना इंजिनालाही सांगतं, "जोर कमी कर". इंजिनातच बिघाड असेल, थ्रॉटल असो, मिसफायर असो, तर इंजिन उलट सांगतं की मला जमणार नाही, आणि ईएससी स्वतःहून बाजूला होतं. तुमच्याकडे इंजिनाचे कोड आधी वाचा. तो दिवा गेला की बहुतेक वेळा दुसराही त्याच्या मागे जातो.

तरी इंजिनाला हात घालण्याआधी एक फुकटची तपासणी करा. कोणाला तरी मागे उभं करा आणि ब्रेक दाबा. मागचे लाल दिवे उशिरा लागतात का, पाय उचलला तरी लागलेलेच राहतात का? पॅडलच्या वर बोटभर स्विच असतो. ब्रेकमध्ये दाब आहे पण स्विच म्हणतो ब्रेक दाबलाच नाही, असं झालं की ईएससीचा विश्वास उडतो. बटण दाबून चालू होणारी गाडी कधी कधी पहिल्या प्रयत्नात चालू होत नसेल, तर त्या स्विचवर संशय पक्का करा.

तिसरा_गिअर

अहो, चालू होत नाही अधूनमधून! बॅटरी समजून बॅटरी बदलली होती. बघते आजच.

फिरते_चाक

रविवारी मित्राला घेऊन मैदानात गेलो. त्याने त्याच्या ओळखीच्याकडून चांगला स्कॅनर आणला होता.

पहिली पाच मिनिटं काहीच नाही, चार रेघा एकमेकींवर अगदी चिकटून. मला वाटलं, आजच नेमकी गाडी शहाणी होणार. मग मित्र म्हणाला, सातवर स्थिर ठेव. ठेवली. आणि डाव्या पुढच्या चाकाची लाल रेघ एकदम खाली, तीनवर, आणि लगेच वर. मग परत. दर वेळी सापडत नव्हती, पण ज्या वेळी सापडली त्या वेळी अंतर तेच, जवळपास एक सेकंद. बाकीच्या तिघी आपल्या सात, सात, सात. डावीकडे-उजवीकडे वळवूनही तोच ताल, वळण्याने काही फरक नाही.

टायर १८५/६५ आर १५.

तारायंत्र

झकास. आता कागद घ्या.

१८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिमी. ते दोन्हीकडून, म्हणजे २४०. रिम १५ इंच म्हणजे ३८१. एकूण व्यास ६२१ मिमी, परीघ साधारण १.९५ मीटर. ताशी ७ किमी म्हणजे सेकंदाला १.९४ मीटर. तुमचं चाक सेकंदाला बरोबर एक फेरा मारतंय आणि रेघ सेकंदाला एकदा पडतेय.

वायर सैल असती तर ती खड्ड्यांच्या किंवा वळणांच्या तालावर तुटली असती. चाकाच्या तालावर फक्त चाकासोबत फिरणारी गोष्टच बिघडू शकते. सेन्सर फिरत नाही, वायर फिरत नाही, मॉड्यूल तर नाहीच नाही. फिरते ती रिंग.

ऑसिलोस्कोप असता तर ७ आणि १४ च्या चौकोनी लाटांत पडलेलं खिंडार डोळ्यांनी दिसलं असतं, पण आता त्याची गरज नाही.

खडखड

हे मात्र मानलं. टायरवरच्या आकड्यांचा असा उपयोग होतो हे आज कळलं. फ्यूजचा सल्ला मागे घेतो. (अर्धा.)

निवांत_प्रवासी

मग तो मॉड्यूल गेलं का म्हणाला? आणि मॉड्यूल खरंच जातं तेव्हा कसं ओळखायचं?

पाना_बारा

सेन्सर बदलून कोड गेला नाही की यादीत मॉड्यूलच उरतं, म्हणून म्हणाला. बेअरिंग त्याने बदललंच नव्हतं, त्याच्या डोक्यात ते कुठून येणार? आणि यांनीही सांगितलं नव्हतं. मी त्या पोराला पूर्ण दोष देणार नाही.

मॉड्यूल जातं, नाही असं नाही. पण तेव्हा कोड वेगळे येतात: पंपाची मोटर, व्हॉल्व्हचा रिले, अंतर्गत दोष. ते आले तरीही मॉड्यूल काढायच्या आधी त्याला खाऊ-पिऊ नीट मिळतंय का ते बघा. बॅटरी लेचीपेची असली तर स्टार्टर मारताना व्होल्टेज इतकं कोसळतं की मॉड्यूल घाबरून कोड टाकतं. मग त्याचे मोठे फ्यूज, मोटरचा वेगळा आणि व्हॉल्व्हचा वेगळा. आणि मग अर्थिंग. हे शेवटचं सगळे चुकीचं तपासतात. मीटर ओहमवर ठेवून बघतात, शून्य येतं, "अर्थिंग ओके". अरे, दहापैकी नऊ तारा गंजलेल्या असल्या तरी उरलेल्या एका तारेवर शून्यच येणार. स्कॅनरवरून पंपाची मोटर चालवा आणि ती चालत असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून मॉड्यूलच्या अर्थपर्यंत व्होल्ट मोजा. एक-दोन दशांशाच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. माझ्याकडे "मॉड्यूल गेलंय" म्हणून आलेल्या गाडीचा बोल्ट मी खोलला तर खालची चकती हिरवीगार. पॉलिश पेपरने घासली, व्हॅसलीन लावलं, गाडी गेली.

आणि खरंच बदललंच, तर नवं मॉड्यूल गाडीला ओळख करून द्यावं लागतं आणि ब्रेकमधली हवा काढताना स्कॅनरने आतले व्हॉल्व्ह उघडझाप करावे लागतात. नुसतं चाकांवरून हवा काढली तर आत अडकलेली तशीच राहते, पॅडल मऊ लागतं.

तारायंत्र

यात एक भर. मॉड्यूल अजिबातच बोलत नसेल, बाकीची मॉड्यूल यू ०१२१ (एबीएसशी संपर्क तुटल्याचा कोड) टाकत असतील, तर बॅटरी काढून कॅनच्या, म्हणजे मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन तारांमधला रोध मोजा. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध समांतर जोडलेले असतात, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक कुठेतरी सुटलंय. शून्याच्या जवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्यात.

फिरते_चाक

अपडेट. पहिल्या, म्हणजे बेअरिंगवाल्या गॅरेजात गेलो. भांडायला नाही, रेकॉर्डिंग दाखवायला. मालक समजूतदार निघाला.

चाक, कॅलिपर, डिस्क उतरवली, शाफ्ट बाहेर काढला. मित्राने एक गंमतीशीर वस्तू आणली होती, चुंबकाचे ध्रुव दाखवणारं हिरवं कार्ड. पत्त्याएवढं, आत हिरवट द्रव. रिंगेवर टेकवलं की बारीक काळ्या-हिरव्या रेघा उमटतात, कंगव्याच्या दात्यांसारख्या. त्याने कार्ड हळूहळू फिरवत नेलं. रेघा, रेघा, रेघा, आणि एके ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या लांबीत, सगळं धूसर. टॉर्च मारून पाहिलं तर तिथे रिंगेवर चंद्रकोरीसारखा पोचा आणि त्याच्यात करड्या रंगाचा कीस. मालकाने बोट फिरवून कीस पुसला, परत कार्ड लावलं, तरी धूसरच. "दाबताना पाइप तिरका बसला असणार," असं तो स्वतःच म्हणाला. नवं बेअरिंग बसवलं, या वेळी कार्डाने आधी बाजू बघून. मजुरी घेतली नाही.

आता ताजी गोष्ट: एबीएसचा दिवा गेला. गुरगुर गेली. चारही रेघा सातवर चिकटलेल्या. पण ईएससीचा दिवा अजून आहेच! या वेळी चावी फिरवल्यापासूनच. हसावं की रडावं कळत नाही.

पाना_बारा

हसा. काम करताना बॅटरी सोडली होती का?

फिरते_चाक

हो, मालकाने सोडली होती.

पाना_बारा

मग इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवा, मध्यावर आणा, थोडं अंतर सरळ चालवा. बऱ्याच गाड्यांत बॅटरी सुटली की स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर आपलं शून्य विसरतो आणि असं फिरवलं की त्याला आठवतं.

फिरते_चाक

केलं. तीनदा केलं. शेजारी विचारून गेले की काय शोधताय. दिवा आहेच.

तारायंत्र

स्कॅनरवर स्टिअरिंगचा कोन बघा. सरळ रस्त्यावर, गाडी नाकासमोर जात असताना.

फिरते_चाक

उजवीकडे ९ अंश. आणि आता बघितल्यावर लक्षात आलं, स्टिअरिंगच किंचित उजवीकडे कललेलं आहे. बेअरिंगनंतरच्या त्या पहिल्या अलाइनमेंटपासूनच तसं आहे बहुतेक, डोळ्याला सवय झाली.

तारायंत्र

हा घ्या दुसरा चोर. इतके दिवस तो पहिल्याच्या मागे लपला होता.

ईएससीचं सगळं काम एका तुलनेवर चालतं. स्टिअरिंग सांगतं चालकाला कुठे जायचंय, गिरकीचा सेन्सर सांगतो गाडी खरंच कुठे चाललीय. तुमची गाडी सरळ जातेय आणि स्टिअरिंग म्हणतंय उजवीकडे. थोडा फरक मॉड्यूल चालता चालता शिकून पोटात घालतं. पण बॅटरी सुटल्याने ते शिकलेलंही पुसलं गेलं असणार.

स्कॅनरवर "शून्य स्थिती" करून दिवा लगेच घालवता येतो, पण तसं करू नका. कललेल्या स्टिअरिंगलाच सरळ म्हणायला शिकवाल आणि पुढच्या वेळी कोणी अलाइनमेंट नीट केली की दिवा परत येईल. आधी स्टिअरिंग मध्यावर बांधून अलाइनमेंट, मग शून्य. गाडी सपाट जागी, चाकं सरळ, आत कोणी हलू नये, कारण काही गाड्यांत त्याच वेळी गिरकीच्या सेन्सरचं शून्यही घेतलं जातं.

तिसरा_गिअर

माझा स्विचच होता! प्लॅस्टिकची टोपी झिजून पॅडलला अर्धवट टेकत होती. नवा बसवला, ईएससीचा दिवा गेला आणि गाडी पहिल्या बटणाला चालू होते. इंजिनाचा दिवा मात्र अजून आहे, त्यासाठी वेगळा धागा काढते. पाना दादा, बॅटरीचे पैसे तुमच्याकडून घ्यायला हवेत, हे आधी का नाही सांगितलंत!

निवांत_प्रवासी

सगळं वाचून मीही तपासलं. माझा दिवा चावी फिरवल्यापासूनच असतो, विझतच नाही. तारायंत्र यांच्या हिशोबाने वायर किंवा सेन्सर. कोड मागच्या उजव्या चाकाचा, सी ००५०. गाडीखाली वाकून टॉर्च मारला. सेन्सरची वायर ॲक्सलपाशी उंदराने स्वच्छ कुरतडलेली, दोन टोकं लोंबतायत. चार महिने!

पाना_बारा

जोडताना नुसती पिळून टेप मारू नका, पाणी शिरलं की महिन्याभरात परत याल. सोल्डर करा, वर गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवा. नाहीतर सेन्सर वायरसकट घ्या. त्या ठिकाणी मी तरी नवीनच घालतो.

फिरते_चाक

शेवटचं अपडेट. अलाइनमेंट झाली, स्टिअरिंग सरळ, शून्य घेतलं, सरळ रस्त्यावर कोन अर्ध्या अंशाच्या आत. दोन्ही दिवे चावीला लागतात आणि तीन सेकंदांत विझतात. आठवडाभर चालवली, एकदाही आले नाहीत. जुना, म्हणजे नाहक काढलेला सेन्सर डिकीत जपून ठेवलाय.

एकच शंका. सकाळी गाडी काढल्यावर, पंधराच्या आसपास वेग गेला की बॉनेटखालून एकदाच बारीक "गुर्र" येतो. अर्धा सेकंदही नसेल. ब्रेकला पाय नसतानाही. आधी कधी लक्ष गेलं नव्हतं, आता कान टवकारूनच बसलेला असतो. परत सुरू झालं का?

पाना_बारा

दिवसातून एकदाच, चालू केल्यावर पहिल्यांदा निघतानाच येतो ना? ती पंपाच्या मोटरची स्वतःची चाचणी. बऱ्याच गाड्या करतात, तुमचीही सात वर्षं करत असणार. काच खाली करून ऐका, उद्याही येईल.